ओढाळ आकडा

मी एकदा एका जर्सी गाईचं ३८ फॅटचं दूध घेतलं आहे. आमच्या महिला दूध संस्थेच्या छापील रजिस्टरात तशी नोंद आहे आणि पानाच्या तळाशी सचिव म्हणून माझी सही आहे. गाईच्या दुधाला साधारण साडेतीन ते चार फॅट लागते, म्हशीच्या दुधाला सहा-सात. ३८ लागायला देवमाशाची धार काढावी लागेल. देवमाशाच्या दुधात खरोखरच एवढी चरबी असते, पण आमचं गाव पडलं खटाव तालुक्यातलं. इथं ओढ्याला पाणी यायची मारामार.

झालं होतं एवढंच, की श्रावणातली ओली सकाळ होती, लाइट सारखी ये-जा करत होती आणि ३.८ मधल्या टिंबाचं बटण नीट दाबलं गेलं नाही. तेव्हा आमचं फॅट मशीन कॉम्प्युटरला जोडलेलं नव्हतं. मशीनवरचा आकडा बघायचा, वहीत लिहायचा, गर्दी ओसरली की वहीतून कॉम्प्युटरात भरायचा. पावसामुळं गाईच्या दुधाला अकराच जणी आल्या होत्या. संध्याकाळी गोषवारा काढला तर खाली छापून आलं: गाय, सरासरी फॅट ६.७८. एका रात्रीत आमच्या सगळ्या गाईंच्या म्हशी झाल्या होत्या.

चूक सापडायला दोन मिनिटं लागली. शेरा मारून दुरुस्तही केली. पण डोक्यात किडा वळवळत राहिला. एका बाईच्या एका किटलीनं अकरा जणींचं पान बिघडवलं कसं? मी बारावी कॉमर्स. संख्याशास्त्राचा धडा पाठ करून पास झाले होते, समजून नव्हे. तो समजायला सुरुवात त्या रात्री झाली, चुलीपुढं वही मांडीवर घेऊन.

मूळचे अकरा आकडे असे: ३.४, ३.५, ३.५, ३.६, ३.६, ३.७, ३.७, ३.७, ३.८, ३.९, ४.०. मी ते चढत्या क्रमानं मांडलेत. बायका काही फॅटच्या क्रमानं येत नाहीत. बेरीज ४०.४, भागिले अकरा, म्हणजे ३.६७. ही सरासरी, शाळेच्या पुस्तकात तिला मध्य म्हणतात. मग रांगेतला बरोबर मधला आकडा घ्या. दोन्ही बाजूंचे पाच-पाच सोडले की सहावा उरतो, ३.७. हा मध्यक. आणि सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा? तोही ३.७, तीनदा. हा बहुलक. तिघंही एकाच ओसरीवर बसलेले, म्हणजे घरात सगळं ठीक.

आता ३.८ च्या जागी ३८ ठेवा. बेरीज होते ७४.६ आणि सरासरी ६.७८. मध्यकाचं काय? रांग पुन्हा लावली तर ३८ सगळ्यात शेवटी जाऊन उभा राहतो आणि सहाव्या जागी पुन्हा ३.७ च येतो. बहुलकही तोच. मी ३८ ऐवजी ३८० दाबलं असतं तरी मध्यक जागचा हलला नसता.

तेव्हापासून मी हे माझ्या पद्धतीनं लक्षात ठेवते. सरासरी म्हणजे मिसळणं. सगळ्यांचं दूध एका टाकीत ओतायचं, ढवळायचं आणि जेवढी माणसं तेवढे सारखे वाटे घालायचे. एकीनं साखरेचं पोतं ओतलं की सगळ्यांच्या वाट्याला गोड येणार. मध्यक म्हणजे रांग लावणं. रांगेतल्या शेवटच्या बाईच्या हातात किटली आहे की तिच्यामागं टँकर उभा आहे, याच्याशी मधल्या बाईला काही देणंघेणं नाही.

अशा भलत्याच आकड्याला इंग्रजीत आउटलायर म्हणतात. आपल्याकडं शब्द आधीपासून आहे, फक्त तो आकड्यांना कुणी लावला नव्हता. कळप सोडून दुसऱ्याच्या उसात शिरणाऱ्या जनावराला आपण ओढाळ म्हणतो. ओढाळ जनावर नुसतं स्वतः जात नाही, दावं धरणाऱ्यालाही फरफटत नेतं. सरासरीचं दावं रांगेतल्या प्रत्येक आकड्याच्या गळ्यात असतं, म्हणून सगळा कळप ६.७८ ला जाऊन उभा राहिला. तिथं खरं तर एकही गाय नव्हती.

माझा पुतण्या क्रिकेटवेडा आहे. त्याला हे सांगितलं तर तो पटकन म्हणाला, "काकू, करुण नायर." त्याच्या पहिल्या सात कसोटी डावांतल्या धावा पोरानं बोटांवर मोजून दाखवल्या: ४, १३, नाबाद ३०३, २६, ०, २३, ५. एकूण ३७४. क्रिकेटमध्ये डावांनी भागत नाहीत, किती वेळा बाद झाला त्यानं भागतात. सहा वेळा बाद, म्हणून सरासरी ६२.३३. नुसती सरासरी बघणाऱ्याला वाटेल, हा गडी उतरला की साठेक धावा ठरलेल्या. रांग लावली तर मधला आकडा १३.

पण इथं एक फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. माझा ३८ खोटा होता. नायरचे ३०३ खरे होते. डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईच्या उन्हात इंग्लंडच्या गोलंदाजांपुढं उभं राहून त्यानं ते केले होते. दोन्ही आकडे सारखेच ओढाळ, सरासरीला फरफटत नेण्यात दोघांचा हात सारखाच. आकड्याकडं नुसतं बघून कुठला खोडायचा आणि कुठल्याला हार घालायचा ते कळत नाही.

मध्यकाची बाजू घेणारा एक जुना इंग्रज मला फार आवडतो, कारण त्यानंही जनावराच्या बाजारातलाच दाखला घेतला. फ्रान्सिस गाल्टन त्याचं नाव. १९०६ मध्ये प्लिमथ इथल्या जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाचं, कापून साफ केल्यावर किती वजन भरेल, ते ओळखायची पैज होती. सहा पेन्सचं तिकीट घ्यायचं आणि त्यावर आकडा लिहायचा. गाल्टननं ती तिकिटं नंतर मागवून घेतली. वाचता येण्यासारखी ७८७ निघाली. त्यानं ती रांगेत लावली आणि मधलं काढलं: १२०७ पौंड. बैल भरला ११९८ पौंड, म्हणजे आपल्या हिशेबानं ५४३ किलोच्या आसपास. खाटीक, शेतकरी आणि बैलातलं ओ की ठो न कळणारे हौशी, सगळ्यांनी मिळून एका टक्क्याच्याही आत नेम मारला होता. गाल्टनचं म्हणणं असं, की सरासरी काढली तर तऱ्हेवाईक माणसाला त्याच्या तऱ्हेवाईकपणाच्या प्रमाणात जास्त मतं मिळतात. मध्यकात प्रत्येकाला एकच मत. १९०७ मध्ये त्यानं हे छापलं. गंमत म्हणजे त्याच तिकिटांची सरासरी ११९७ भरली, मध्यकापेक्षाही जवळ. त्या बाजारात कुणी टिंब विसरणारी सचिव नव्हती, म्हणून सरासरीचं निभावलं.

आता थोडं पसाऱ्याबद्दल. फॅट किती लागते एवढंच विचारून भागत नाही, ती किती खालीवर होते तेही बघावं लागतं. साधा उपाय म्हणजे सगळ्यात मोठ्या आकड्यातून सगळ्यात लहान वजा करायचा. माझ्या खऱ्या पानावर ते अंतर ०.६ होतं, बिघडलेल्या पानावर ३४.६. हे माप तर टोकाच्याच दोन आकड्यांवर उभं, तेव्हा ओढाळाच्या हाती ते आयतंच सापडतं.

दुसरं माप प्रमाण विचलन. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब आहे ते काढायचं, त्याचा वर्ग करायचा, वर्गांची सरासरी घ्यायची आणि शेवटी वर्गमूळ. वर्ग केल्यामुळं होतं असं, की दुप्पट लांबचा आकडा चौपट ओरडतो. माझ्या अकरा खऱ्या आकड्यांचं प्रमाण विचलन ०.१७ येतं. ३८ घुसल्यावर ते होतं ९.८७. गाईंमध्ये काडीचा फरक पडला नव्हता.

आणि इथंच मला सगळ्यात मोठा धक्का बसला. मशीनवाल्याचा माणूस आला होता, त्यानं सांगितलं, "मॅडम, सोपं आहे. सरासरीपासून तीन विचलनांपेक्षा लांब असेल तो आकडा संशयित धरायचा." मी हिशेब केला. बिघडलेल्या पानाची सरासरी ६.७८, तीन विचलनं म्हणजे २९.६, दोन्हींची बेरीज ३६.४. माझा ३८ जेमतेम बाहेर पडला! साडेतीनाच्या कळपात अडतीस आणि तो जेमतेम संशयित? मग लक्षात आलं की मोजायची काठीच त्या आकड्यानं वाढवून ठेवली होती. तो सरासरीत शिरून तिला आपल्याकडं ओढतो, विचलनात शिरून त्याला फुगवतो आणि मग आपण त्याच फुगलेल्या काठीनं त्याला मोजायला जातो. चोरी झाली म्हणून चौकशी लावावी आणि चौकशी समितीवर चोरालाच घ्यावं, तशातली गत. पुढं असंही कळलं, की दहा किंवा त्याहून कमी आकडे असतील तर त्यातला एकही आकडा तीन विचलनांच्या पलीकडं जाऊच शकत नाही, तो कितीही भलता असला तरी. हे गणितानंच ठरलेलं आहे. त्या सकाळी अकरावी बाई आली नसती तर ३८ काय, ३८ हजारही निर्दोष सुटले असते.

त्यापेक्षा अमेरिकेतल्या जॉन टुकी नावाच्या गणितज्ञाची रीत आमच्यासारख्यांच्या कामाची आहे. १९७७ च्या त्याच्या पुस्तकानं ती जगभर पसरवली आणि तिला त्यानं नावही शेतकऱ्याचंच दिलं: कुंपण. रांग लावायची. मधला आकडा सोडून खालच्या पाचांचा मधला घ्यायचा आणि वरच्या पाचांचा मधला घ्यायचा. ही चतुर्थकं. माझ्या बिघडलेल्या पानावर ती ३.५ आणि ३.९. दोन्हींतलं अंतर ०.४. त्याची दीडपट ०.६. खालच्यातून ०.६ वजा करा, वरच्यात ०.६ मिळवा, की झालं कुंपण: २.९ ते ४.५. बाहेर दिसेल तो ओढाळ. ३८ कुंपणापासून कोसभर लांब उभा दिसतो, कारण या कुंपणाचे खांब रांगेच्या मधल्या भागात रोवलेले आहेत, टोकाच्या आकड्याला ते उपटता येत नाहीत. आता हे कुंपण आमच्या कॉम्प्युटरात बसवून घेतलंय. बाहेरचा आकडा आला की ओळ लाल होते. खोडली जात नाही, फक्त लाल होते. त्यासाठी मी प्रोग्राम लिहिणाऱ्या पोराशी भांडले होते. त्याचा आग्रह होता, मॅडम आपोआप डिलीट करून टाकू. त्या आग्रहाला मी का बधले नाही ते शेवटी येईलच.

वार्षिक सभेत मात्र मी मध्यक विसरले आणि पस्तावले. अहवालात मोठ्या टायपात छापलं होतं की अमुक वाटेवरच्या सभासदांचं रोजचं सरासरी दूध १०.४ लिटर. वाचून झालं, तर मागून एक म्हातारी उठली. "सूनबाई, आमच्या वाटंला घरं पाच. म्या तीन लिटर घालते, शेजारीण तीन घालती. ही धा लिटरवाली बाई कुठल्या घरात ऱ्हाती, तेवढं सांग. म्या तिच्याकडनं शेण तरी आणीन."

सभा हसली. मीही हसले, पण म्हातारी बरोबर होती. त्या वाटेवर चौघी रोज तीन-तीन लिटर घालतात आणि मळ्यातल्या वहिनी एकट्या चाळीस. बेरीज बावन्न, भागिले पाच, १०.४. मध्यक ३. दहा लिटरवाली बाई अस्तित्वातच नाही. वहिनींच्या चाळीस लिटरमध्ये खोट नाही, पहाटे साडेतीनला उठतात त्या. दूध संघाला टँकर किती मोठा पाठवायचा हे ठरवायचं असेल तर सरासरीच हवी, कारण पाचानं गुणलं की बावन्न लिटर परत मिळतात. मध्यकाला पाचानं गुणून पंधरा येतील आणि टँकरवाला सदतीस लिटर रस्त्यावर ओतून जाईल. पण आमच्या वाटेवरची साधी बाई किती दूध घालते, हा म्हातारीचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर तीन होतं. मी एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला दिलं होतं.

याच पाच घरांनी मला आणखी एकदा रडवलं आहे. वहिनींच्या गाई एच.एफ., दूध भरपूर पण पातळ, फॅट ३.३. बाकी चौघींची ४.२. मी पाच फॅटांची सरासरी काढली: ४.०२. संघात कॅन गेले तर तिथं लागली ३.५. पाच पॉइंटांचा, म्हणजे अर्ध्या फॅटचा फरक! फोन आला, आवाज चढला, सचिवांनी वाटेत काय केलं असं आडून विचारून झालं. मला रात्रभर झोप नाही. सकाळी वहीत लिटरचा रकाना बघितला आणि कपाळावर हात मारला. वहिनींच्या चाळीस लिटरला आणि म्हातारीच्या तीन लिटरला मी सारखंच वजन दिलं होतं. नीट करायचं तर चाळीस गुणिले ३.३, म्हणजे १३२. बारा गुणिले ४.२, म्हणजे ५०.४, बेरीज १८२.४, भागिले बावन्न लिटर. उत्तर ३.५१. टाकी बरोबर होती. टाकीला भारित सरासरी कुणी शिकवावी लागत नाही, ढवळलं की ती आपोआप काढते.

गाय आणि म्हैस एकाच वहीत लिहायची चूक मात्र मी कधी केली नाही, ती नव्या पोरी करतात. सरासरी येते पाचाच्या आसपास. पाच फॅटचं जनावर गावात एकही नाही. तिथं ओढाळ कुणीच नसतं, कळपच दोन असतात. वह्या वेगळ्या करायच्या, विषय संपला.

याहून अवघड दुखणं वेगळं आहे. कुठलाच आकडा कुंपणाबाहेर जात नाही आणि तरी सगळं पान चुकीचं असतं. एकदा मी आठवडाभर मशीन केमिकलनं धुवायचं टाळलं. आतल्या नळीत साय धरली आणि सगळ्यांच्याच फॅटा दोन-दोन पॉइंट खाली लागायला लागल्या. रांग तशीच, पसारा तसाच, ओढाळ कुणी नाही. बायका कुजबुजायच्या, "पॉइंट मारत्यात." माझ्या कागदांत त्यांच्या कुजबुजीला एकही पुरावा नव्हता. शेवटी मी कपाटातली जुनी गर्बर पद्धतीची काचेची नळी काढली. दहा मिलिलिटर गंधकाम्ल, पावणेअकरा मिलिलिटर दूध, एक मिलिलिटर अमाइल अल्कोहोल, मग सेंट्रिफ्यूजमध्ये गरागरा. ॲसिडनं दूध काळंभोर होतं आणि चरबी वर पिवळ्या रेषेसारखी येऊन उभी राहते. त्या रेषेनं मला खोटं पाडलं. लुगड्याला भोक पडलं ते वेगळंच. सगळ्यांना दोन पॉइंटांचा फरक बिलात दिला.

सगळे आकडे मिळून एकाच बाजूला झुकण्याचा हा रोग ज्यांनी शेतात शोधला ते आमच्याच तालुक्यातले होते, हे मला फार उशिरा कळलं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, गाव बुध. लंडनला संख्याशास्त्र शिकून आले, दिल्लीला भारतीय कृषी संशोधन परिषदेत काम केलं आणि पुढं रोमला संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले. त्यांच्याआधी देशात पिकाचा अंदाज नजरेनं घेतला जायचा, आणेवारी म्हणून. सोडत काढल्यासारखी शेतं निवडायची, त्यात मोजून आखलेला तुकडा कापायचा आणि उत्पन्न वजन करून लिहायचं, ही पीक कापणी प्रयोगांची रीत देशात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा. १९४६ च्या सुमारास त्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून येतं. कारण? कडेवरचं ताट आत धरायचं की बाहेर हा प्रश्न पडला, की माणसाचा हात ते आत ओढतो. लहान तुकड्याला आकाराच्या मानानं कड जास्त, म्हणून ओढून घेतलेली ताटंही जास्त. एकही आकडा भलता दिसत नाही, प्रत्येक जण थोडंथोडं खोटं बोलतो. बुधवरून एसटी गेली की मी अजूनही खिडकीतून बघते. पाटी दिसते, बाकी काही नाही.

आता ती लाल ओळ. वरच्या आळीच्या आत्या, वय सत्तरीच्या पुढं, घरात एकट्या. मुलगा मुंबईला. एक गावठी-जर्सी गाय, सकाळी चार लिटर. वर्षानुवर्षं त्यांची फॅट ३.७ किंवा ३.८, घड्याळ लावून घ्यावं अशी. मागच्या पौषात एका सकाळी ओळ लाल झाली: २.४.

चेअरमनबाई शेजारीच उभ्या होत्या. "साय काढत्यात, दुसरं काय," त्या म्हणाल्या. "परत करा दूध." मागच्या रांगेत कुणीतरी पाण्याचं नाव घेतलं. मी लॅक्टोमीटर सोडला. डिग्री २९. पाणी असतं तर डिग्री खाली आली असती, तेव्हा नुसतं पाणी घातलेलं नव्हतं. पण साय काढली की डिग्री पडत नाही, उलट किंचित चढते, म्हणून साय काढली का हे लॅक्टोमीटर सांगेना. आत्या काही बोलल्या नाहीत. पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. मी दूध घेतलं.

गर्दी गेल्यावर मी त्यांचा एकट्यांचा उतारा काढला. सात दिवसांच्या सकाळच्या फॅटा: ३.८, ३.७, ३.८, ३.६, ३.३, २.९, २.४. बघतच राहिले. हा आकडा कुंपण मोडून एकदम आलेला नव्हता. चार दिवस उतारावरून खाली येत होता आणि ३.३ न् २.९ कुंपणाच्या आत असल्यामुळं एकही ओळ लाल झाली नव्हती. सात दिवसांचा मध्यक ३.६. त्याला पत्ताच नव्हता, ज्या गुणाचं मी एवढं कौतुक केलं त्याच गुणानं तो स्वस्थ झोपला होता. सरासरी ३.३६ वर आली होती. जिला मी सारखी फरफटत जाणारी म्हणून नावं ठेवत आले, तीच तेवढी कळवळली होती. आणि खरं सांगायचं तर दोन्ही काढायची गरजच नव्हती, सात आकडे तारखेच्या क्रमानं वाचले असते तरी पुरे होतं. रांग लावताना आपण आधी तारखाच पुसून टाकतो.

संध्याकाळी धारेच्या वेळी त्यांच्या गोठ्यात गेले. आत्या म्हणाल्या, "बस की गं," आणि बादली घेऊन गाईखाली बसल्या. डाव्या हातानं धार काढत होत्या. उजवा मांडीवर ठेवलेला. बोटांची पेरं लाल, सुजून टम्म. अर्धी कास मोकळी झाली तशा थांबल्या, धाप लागली होती. वासरू सोडलं. वासरानं ढुशा देऊन उरलेलं पिऊन टाकलं.

धारेच्या सुरुवातीचं दूध पातळ असतं आणि शेवटच्या धारांत फॅट उतरते, हे आमच्याकडं शाळकरी पोरालाही माहीत आहे. आत्यांच्या किटलीत रोज थोडी थोडी शेवटची धार कमी येत होती. साय कुणी काढली नव्हती. वासरू मात्र चांगलं गुबगुबीत झालं होतं.

"सांगायचं नाही का?" मी म्हटलं.

"काय सांगू? हात चालंना म्हून? मग मुलगा गाय इकायला लावतूय."

शेजारच्या घरातली सून सकाळ-संध्याकाळ धार काढून द्यायला तयार झाली, अर्धा लिटर दुधावर. तालुक्याच्या डॉक्टरनं आत्यांना गोळ्या दिल्या. पाचव्या दिवशी फॅट ३.७ लागली. चेअरमनबाईंनी मशीनवरचा आकडा वाचला आणि काही न बोलता पुढची किटली ओढली.

महिनाअखेरीला पोरगा कॉम्प्युटर साफ करायला आला होता. लाल ओळी बघून म्हणाला, "मॅडम, ही एक सोडली तर यांचं सगळं एकसारखं आहे. काढून टाकू का? ग्राफ छान दिसेल." मी नको म्हटलं. २.४ तिथंच आहे. शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात मी दोनच शब्द भरलेत: उजवा हात.